पोहरादेवी ते अबू सिंबेल : बायकांच्या सोबतीचा प्रवास

वाशीम जिल्ह्यात बाई प्रवासाला निघाली की घरातून पहिला प्रश्न येतो : सोबत कोण आहे? गाव, गाडी, मुक्काम, खर्च हे सगळे त्यानंतर. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत बायकांच्या प्रवासाची जी रीत पडली, ती या एका शब्दाभोवती. सोबत म्हणजे शेजारीण, जाऊ, भजनी मंडळातली टाळकरी, बचत गटाची सचिव, शाळेतली सहशिक्षिका. चार-पाच जणी जमल्या की सोबत झाली, आणि सोबत झाली की परवानगीचा प्रश्न निम्मा सुटला. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या आता बायकांचे गट इजिप्त-मोरोक्कोपर्यंत नेतात आणि त्यांत विदर्भातल्या बायकाही असतात. त्या सहलीची बांधणी नीट पाहिली तर तिच्यात हीच जुनी सोबत सापडते. अंतर मात्र फार वाढले आहे, आणि त्या अंतरासाठी लागणारा कागद व पैसा बाईच्या स्वतःच्या नावावर असावा लागतो.

या जिल्ह्यातल्या सर्वांत जुन्या प्रवासी बायका बंजारा समाजाच्या. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून मुलूखभर नेण्याचा व्यवसाय तांड्यांचा होता. त्याला लदेणी म्हणत. लदेणीबरोबर अख्खा तांडा चाले, बायका-मुले आणि चूल-भांडी घेऊन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने हा धंदा मोडला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींवर संशयाचा शिक्का बसवला, आणि तांडे हळूहळू एका जागी स्थिरावले. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान आज या समाजाची काशी मानले जाते. रामनवमीला तेथे महाराष्ट्रासह तेलंगण आणि कर्नाटकातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. बाईने घराबाहेर पडावे की नाही हा प्रश्न ज्या समाजात शेकडो वर्षे पडलाच नव्हता, तो समाज याच जिल्ह्यात मोठ्या संख्येने राहतो, हे विसरून चालत नाही.

बाकीच्या वाटा देवाच्या. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी या जिल्ह्यातून जाते. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, त्यामुळे गाणगापूर आणि नरसोबाची वाडी या दत्तक्षेत्रांशी तिथल्या घरांचा कायमचा संबंध. त्याच कारंज्यात जैन भट्टारकांच्या जुन्या गाद्या आणि मंदिरे आहेत, आणि तिथल्या जैन बायका शिखरजी व श्रवणबेळगोळ गटाने करतात. जिल्ह्यातल्या बौद्ध बायकांचा पहिला लांबचा प्रवास बहुधा नागपूरच्या दीक्षाभूमीचा असतो, त्यापुढचा बोधगयेचा आणि लुंबिनीचा. लुंबिनी नेपाळात आहे. तिथे भारतीयाला पासपोर्ट लागत नाही, म्हणून कित्येक जणींनी परदेशात पाऊल टाकले ते आपण देश ओलांडला याची नोंदही न होता.

मुसलमान बायकांच्या प्रवासात सोबतीचा नियम थेट कागदावर आला. हजला जाणाऱ्या बाईबरोबर मेहरम, म्हणजे नवरा किंवा लग्नाचा संबंध होऊ न शकणारा जवळचा पुरुष नातेवाईक, असणे भारतात बंधनकारक होते. २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरील बायकांना किमान चार जणींचा गट करून मेहरमशिवाय जाण्याची मुभा मिळाली. पहिल्याच वर्षी देशभरातून हजाराहून अधिक जणी गेल्या. पुढे एकटीने अर्ज करण्याचीही सोय झाली आणि २०२३ मध्ये हा आकडा चार हजारांवर पोचला. विदर्भातल्या यात्रेकरूंचे विमान नागपूरहून सुटते. पुरुषाच्या जागी चार बायका, हे मोजमाप सरकारने नव्याने मान्य केले; गावागावांतल्या बायका ते फार आधीपासून मानत होत्या.

रोजच्या प्रवासात मोठा फरक पडला तो एसटीच्या तिकिटाने. १७ मार्च २०२३ पासून महामंडळाच्या सर्व प्रकारच्या बसगाड्यांत बायकांना निम्मे भाडे लागते. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सर्वांना प्रवास मोफत झाला होता. कारंजा किंवा रिसोडच्या स्थानकावर सकाळच्या गाडीत हे दिसते. कंडक्टर मशिनची बटणे दाबतो, पांढरी चिठ्ठी निघते. सून अर्धे तिकीट घेते, सासूच्या तिकिटावर शून्य रक्कम असते, आणि दोघी मिळून शेगाव किंवा माहूरला निघालेल्या असतात. पूर्वीच्या एकीच्या भाड्यात आता दोघी जातात. सोबत आधीही होती, तिचे भाडे परवडत नव्हते. सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्याने वाटाही राज्यातल्याच राहिल्या : माहूरची रेणुका, औंढा नागनाथ, नरसी, लोणार, शिर्डी. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. तो जिल्ह्यातूनच जातो, त्यामुळे भाड्याची सतरा सीटर करून शिर्डीला जाणे सोपे झाले. या सगळ्या प्रवासांत एक अडचण तशीच राहिली. स्वच्छतागृहाची खात्री नसल्याने बायका घरून निघतानाच पाणी कमी पितात आणि दिवसभर तहान मारतात. बायकांच्या सहलीची कोणतीही योजना तपासायची तर पहिली कसोटी हीच लावावी.

पैसा उभा राहतो भिशीतून. बारा जणींनी महिन्याला दोन-दोन हजार काढले तर दर महिन्याला एकीच्या हातात चोवीस हजार येतात. चिठ्ठी काढून क्रम ठरतो, आणि जिला गरज आहे तिला आधी द्यायचे असा समजूतदारपणाही असतो. काही ठिकाणी भिशी उचलायचीच नाही, वर्षअखेर सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचे, असे ठरवून पैसे साठवतात. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात जमा होतात. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत साठीपुढच्या पात्र व्यक्तीला यात्रेसाठी ३० हजारांपर्यंत मदत ठेवली आहे. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात पर्यटन व्यवसाय करू पाहणाऱ्या बायकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. गावात घरगुती जेवणाची सोय किंवा निवास चालवू पाहणाऱ्या बचत गटांनी ही योजना जरूर वाचावी.

मात्र इजिप्तची सहल भिशीच्या एका हप्त्यात होत नाही आणि शेतमजूर बाईच्या आवाक्यात ती आज नाही. सोयाबीन, तूर आणि कापसाच्या या जिल्ह्यात अशा सहलीला निघू शकतात त्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या किंवा सरकारी कार्यालयातल्या कर्मचारी, निवृत्तिवेतन घेणाऱ्या, व्यापारी घरांतल्या बायका. मुलांची शिक्षणे उरकलेली, घरावरचे कर्ज फिटलेले, आणि नवऱ्याला एक तर हौस नाही किंवा तो आता राहिला नाही, अशी परिस्थिती बहुतेकींची. विधवा बाईला लग्नकार्यात मागच्या रांगेत बसवणारा समाज यात्रेला मात्र तिला अडवत नसे. यात्रेच्या त्या मोकळिकीचा पुढचा टप्पा म्हणून बायकांच्या सहलीकडे पाहता येते. केसरीची ‘माय फेअर लेडी’ आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या वीणा वर्ल्डची ‘वुमन्स स्पेशल’ या सहलींमुळे मराठी घरांत ही कल्पना रुळली. मुलेबाळे नकोत, नवरा नको, फक्त बायका, हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटले होते. आता तेच वाक्य सासरच्यांना पटवायला उपयोगी पडते.

मोठ्या सहलीत चाळीस जणी एका बसमध्ये असतात. छोट्या गटात दहा ते सोळा. या लहान आकड्याला कारणे आहेत. वीस आसनांची एकच गाडी पुरते, एका गाइडचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो, कोणी मागे राहिली तर लगेच कळते. एकीचे पोट बिघडले तर बाकीच्यांचा दिवस न बुडवता तिची सोय लावता येते. खोल्या दोघींत एक असतात, आणि एकट्या आलेल्या बाईला कंपनी जोडीदारीण शोधून देते. घोरणे, पहाटे उठून पूजा करणे, एसी सोसणे किंवा न सोसणे हे तिथे अक्षरशः आठ रात्री जुळवून घ्यावे लागते. वाशीमहून चौघी आधीच एकमेकींना ओळखून निघाल्या तर हा प्रश्नच उरत नाही. म्हणून अनुभवी बायका आधी आपली चौकडी ठरवतात आणि मग सहल ठरवतात.

खरा अडसर पासपोर्टचा. साधा ३६ पानांचा पासपोर्ट काढायला १,५०० रुपये लागतात. वाशीम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, ठरलेल्या दिवशी केंद्रावर कागद दाखवायचे, आणि मग पोलीस पडताळणी. पैशापेक्षा नावाचाच त्रास अधिक. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर मधले नाव वडिलांचे, बँकेत नुसतेच ‘बाई’ जोडलेले. पन्नाशीच्या पुढच्या कित्येक जणींची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती टाकली. शेतात राबलेल्या हातांच्या बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत, ते वेगळेच. डिसेंबर २०१६ च्या नियमबदलाने पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला देण्याची सक्ती गेली, हे अजून सगळ्यांना ठाऊक नाही. माहेरच्या नावाने आयुष्यभर नोकरी केलेल्या बाईला त्याच नावाने पासपोर्ट मिळतो. सहलीच्या वर्षभर आधी ही सगळी कागदपत्रे एका नावावर आणून ठेवली तर पुढचे सोपे जाते.

दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागेल असा शेरा पडतो. तो अठरा देशांत कामाला जाणाऱ्यांपुरता आहे. उत्तर आफ्रिकेतले लिबिया आणि सुदान त्या यादीत आहेत; इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया नाहीत. परतीचे तिकीट घेऊन सहलीला जाणारीला तो आडवा येत नाही, त्यामुळे त्या शेऱ्याने घाबरून जाऊ नये. दुसरी भीती पिवळ्या तापाची. आफ्रिका म्हटले की लस हवीच असे अनेकांना वाटते. इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया आणि अल्जीरिया पिवळ्या तापाच्या यादीत नाहीत. इथिओपिया मात्र आहे, म्हणून स्वस्त तिकिटाच्या मोहाने आदिस अबाबामार्गे विमान घेण्यापूर्वी लसीच्या दाखल्याची चौकशी करावी.

उत्तर आफ्रिकेतून निवडायचे काय? सहलीसाठी सुदान आणि लिबिया आज विचारातच नाहीत. मोरोक्कोत बाजार, अ‍ॅटलास पर्वत आणि सहाराची वाळू आहे. बचत गटाच्या बायकांना तिथे आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल : अर्गन तेल काढणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्था. नैऋत्य मोरोक्कोत अर्गनच्या झाडाच्या बिया बायका दगडावर फोडतात, जात्यावर दळतात आणि तेल मळून काढतात. नव्वदच्या दशकापासून त्यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि २०१४ मध्ये युनेस्कोने या कौशल्याची वारसा म्हणून नोंद केली. पापड-कुरडयांचे गट चालवणाऱ्या बायकांनी ते जाते पाहण्यासारखे आहे. तरी पहिल्या खेपेला मराठी बायकांची पसंती इजिप्तलाच असते. पिरॅमिड शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असतात, मीना प्रभू यांचे ‘इजिप्तायन’ कोणीतरी वाचलेले असते, आणि मुंबईहून कैरोला सहा तासांच्या आसपास थेट विमान आहे.

इजिप्तमधली गटसहल ही कल्पनाच दीडशे वर्षांची आहे. इंग्लंडच्या थॉमस कुक यांनी १८६९ मध्ये आपला पहिला प्रवासी गट नाईलवर नेला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला सुएझ कालवा खुला झाला. १८७३-७४ च्या हिवाळ्यात अमेलिया एडवर्ड्स ही लेखिका एका मैत्रिणीच्या सोबतीने शिडाच्या होडीतून अबू सिंबेलपर्यंत गेली, तिथली नासधूस पाहून अस्वस्थ झाली, आणि परतल्यावर १८८२ मध्ये तिने इजिप्तच्या अवशेषांच्या रक्षणासाठी संस्था उभी केली. बायकांच्या सहलीतून एक अभ्यासशाखा उभी राहायला हातभार लागल्याचे हे उदाहरण.

वाशीमहून निघणाऱ्या बाईला आधी अकोला गाठून रेल्वेने मुंबई, किंवा समृद्धीवरून रस्त्याने मुंबई, असा एक दिवस जातो. सामानात दशम्या, जवसाची चटणी, मेथीचे खाकरे, चिवडा. गुडघ्याचा पट्टा आणि बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. यात्रेला निघताना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेण्याची सवय अनेकींना असते. या सहलीत कोणत्याही दारावर तो प्रश्न कुणी विचारत नाही. लांबच्या विमानप्रवासात अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत. हिवाळ्यात कैरोचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते.

कैरोत पहिले दोन दिवस. गिझाचा खूफूचा पिरॅमिड मुळात १४६ मीटरहून उंच होता, माथ्याचे दगड गेल्याने आज सुमारे १३८ मीटर उरला आहे. आत जायचे वेगळे तिकीट आहे. वाट अरुंद, चढाची आणि कंबरेत वाकून जाण्याची. गुडघे दुखणारीने बाहेरच बसून तो दगडांचा ढीग डोळाभर पाहावा. आत कोरी खोली आणि दगडी पेटी आहे, गमावण्यासारखे फारसे नाही. शेजारीच १ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्घाटन झालेले नवे भव्य संग्रहालय आहे. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडलेल्या तुतानखामेनच्या थडग्यातला सारा ठेवा तिथे एकत्र मांडला आहे. कैरोची मेट्रो १९८७ मधली, आफ्रिकेतली पहिली. तिच्या मधल्या डब्यांपैकी काही बायकांसाठी राखीव आहेत, आणि मुंबईच्या लोकलचा लेडीज डबा पाहिलेल्या बाईला तिथला गलका परका वाटत नाही. कैरोहून अस्वानला रात्रीची रेल्वेगाडी जाते. १९२३ मध्ये रोमच्या महिला परिषदेहून परतलेल्या हुदा शारावी यांनी कैरोच्या स्थानकावरच चेहऱ्यावरचा बुरखा काढला, आणि त्याच वर्षी इजिप्तच्या स्त्रीवादी संघटनेची स्थापना केली. गाइडने न सांगितल्यास मुद्दाम विचारावे.

भाषेचा अडसर वाटतो तेवढा नसतो. साबण, दुकान, खुर्ची, हिशेब हे शब्द फारशीच्या वाटेने मराठीत आले, मुळात अरबी. हॉटेलात बिल मागताना ‘हिसाब’ म्हटले तरी चालते. बक्षीसही तिथे आहे आणि ते सारखे लागते : स्वच्छतागृहाच्या दारातल्या बाईला, बॅग उचलणाऱ्याला, फोटो काढून देणाऱ्याला. सुट्या नोटांची वेगळी पुरचुंडी प्रत्येकीने जवळ ठेवावी. जेवणात शाकाहारी बाईचे हाल होत नाहीत. तांदूळ, मसूर, शेवयांसारखे तुकडे, हरभरे आणि टोमॅटोचा तिखट रस एकत्र करून वर तळलेला कांदा घातलेली कोशरी हे तिथले रस्त्यावरचे पोटभरीचे अन्न. खिचडीवर वाढलेल्या बाईला ते दुसऱ्या घासाला आवडते. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन बायकांना मात्र घरच्या डब्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अस्वानला पोचल्यावर पाहुण्यांच्या हातात गडद लाल रंगाचा थंड पेला येतो. त्याला कर्कदे म्हणतात. एक घोट घेतला की जिभेवर आंबटपणा आधी येतो, मग साखर, आणि मागे किंचित तुरट चव राहते. विदर्भातल्या बाईला ती ओळखायला वेळ लागत नाही. ही लाल अंबाडी. फूल गळल्यावर बोंडाभोवती राहणारी जाड लाल आवरणे वाळवून हे सरबत करतात. वाशीमकडे अंबाडीचा पाला ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात आणि वर लसणाची फोडणी देतात. अस्वानच्या बाजारात तीच आवरणे पोत्यांतून विकायला असतात, काळपट लाल, कुरकुरीत, बोटांना रंग लावणारी.

ओळख आणखी खोल जाते ती मातीत. प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशाला केमेत म्हणत, म्हणजे काळी जमीन. नाईलच्या पुराने दरवर्षी आणून टाकलेला काळा गाळ हेच त्यांचे शेत; पलीकडे तांबडे वाळवंट. काळ्या मातीवर जगणाऱ्या वऱ्हाडातल्या बाईला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. १९७० मध्ये अस्वानचे मोठे धरण पुरे झाले, पूर थांबला, वीज मिळाली, पण गाळही थांबला, आणि तिथला शेतकरी रासायनिक खतावर आला. याच मातीत १८२० च्या दशकापासून लांब धाग्याचा कापूस पिकू लागला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा व्यापारी दोन दिशांना वळले : नाईलच्या खोऱ्याकडे आणि मुंबईमार्गे वऱ्हाडाकडे. कारंजा, अकोला, खामगावच्या बाजारांत तेव्हा जो पैसा खुळखुळला, तोच इजिप्तमध्येही खुळखुळला. युद्ध संपताच भाव दोन्हीकडे कोसळले. इजिप्तच्या राज्यकर्त्याने तेजीच्या भरात काढलेले कर्ज देशाच्या गळ्याशी आले आणि १८८२ मध्ये इंग्रज तिथे घुसले. वऱ्हाडात ते १८५३ पासून होतेच. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वेही पुढे कापसासाठीच आली. नाईलच्या काठावर वेचणी करणाऱ्या बायकांच्या पाठीला तेच वाकणे आहे आणि बोटांना तेच बोंडाचे काटे.

अबू सिंबेलला अस्वानहून पहाटे अंधारात निघतात. २८० किलोमीटर वाळवंटाचा रस्ता, वाटेत थांबे मोजके. पाण्याची आणि स्वच्छतागृहाची तीच जुनी चिंता इथे पुन्हा येते, म्हणून निघण्याआधी थांबा कुठे आहे हे गाडीवाल्याला विचारून घ्यावे. धरणाच्या पाण्यात बुडणारी ही दोन मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने कापून, सुमारे ६५ मीटर वर उचलून पुन्हा रचली. रामसेस राजाच्या मोठ्या मंदिरापुढे गर्दी असते. बायकांच्या गटाने लहान मंदिरापुढे अधिक वेळ काढावा. ते राणी नेफरतारीचे. दर्शनी भिंतीत सहा पुतळे आहेत, चार राजाचे आणि दोन राणीचे, आणि सगळे जवळपास एकाच उंचीचे. इजिप्तच्या शिल्पांत राणी बहुधा राजाच्या गुडघ्यापर्यंत येते. इथे ती त्याच्या बरोबरीने उभी आहे. खालून मान वर करून पाहिले की हे कुणी सांगण्याची गरज राहत नाही.

अस्वान ते लक्सर तीन-चार दिवस नाईलवर बोटीचा मुक्काम. कोम ओम्बोला मगरीच्या रूपातल्या देवाचे मंदिर, एडफूला ससाण्याच्या रूपातल्या देवाचे, एस्नाला बोटी खाली उतरवणारे जलद्वार. हा सहलीतला सर्वांत निवांत भाग. काम नाही, स्वयंपाक नाही, घड्याळ नाही. बऱ्याच जणी पहिल्या दिवशी नुसत्या झोपतात.

लक्सरच्या पलीकडच्या काठावर, देर एल-बहरीच्या कड्याला टेकून हत्शेपसुतचे मंदिर आहे. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात ती आधी लहान सावत्र मुलाच्या वतीने कारभार पाहू लागली आणि मग स्वतःच फेरो झाली. पुतळ्यांत तिला दाढी लावलेली दिसते. तिच्या पश्चात तिचे नाव भिंतींवरून छिन्नीने खरवडले गेले. हे ऐकताना विदर्भाच्या बाईने आपल्या प्रभावतीगुप्ताची आठवण ठेवावी. चंद्रगुप्त दुसऱ्याची ही लेक वाकाटक घराण्यात सून म्हणून आली, नवरा लवकर वारला, आणि मुलगा लहान असताना तिने राज्य चालवले. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट राज्यकारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे. दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. दोन्हींत ती वंशावळ देते ती माहेरच्या गुप्तांची, आणि गोत्रही माहेरचेच. तिचे सासर रामटेकजवळच्या नंदिवर्धन शाखेचे. त्याच घराण्याची दुसरी शाखा वत्सगुल्माला, म्हणजे आजच्या वाशीमला, राज्य करत होती. त्या शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली. वाकाटकांचे लेख वा. वि. मिराशींनी अभ्यासून प्रसिद्ध केले. हत्शेपसुतसाठी हजारो कोस जाणाऱ्या बाईने परतल्यावर एकदा रिद्धपूरही पाहावे. मराठीतली पहिली कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदाइसेचेही नाव त्याच गावाशी जोडलेले आहे.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. २०१३ मधल्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत इजिप्तमधल्या ९९.३ टक्के बायकांनी कधी ना कधी छेडछाड सोसल्याचे सांगितले. जून २०१४ मध्ये तिथल्या दंडसंहितेत लैंगिक छळ हा गुन्हा म्हणून नोंदला गेला. परदेशी बाईला डोके झाकण्याची सक्ती नाही. मशिदीत जाताना झाकावे लागते, त्याला पदर किंवा ओढणी पुरते. साडी नेसलेल्या बाईला बाजारात ‘हिंदी’ म्हणून ओळखतात, अमिताभ बच्चनचे नाव घेतात आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. जिथे थांबत नाही तिथे छोटा गट कामाला येतो. दोघींनी बरोबर राहायचे, भाव करताना एकीने बोलायचे आणि दुसरीने पाहायचे, उंटावर किंवा घोडागाडीत बसण्यापूर्वी उतरवून देण्याचेही पैसे ठरवायचे, हॉटेलचे कार्ड प्रत्येकीच्या पर्समध्ये. पोहरादेवीच्या किंवा पंढरपूरच्या गर्दीत एकमेकींचा हात न सोडणाऱ्या बायकांना हे शिकवावे लागत नाही.

परतताना सामानात कर्कदेच्या पुड्या, पपायरसची चित्रे, अत्तराच्या बाटल्या. यात्रेहून आल्यावर घरी मावंदे घालण्याची पद्धत आहे. या सहलीचे मावंदे घालत नाहीत, पण पुड्या वाटल्या जातात आणि मोबाइलमधले फोटो भजनी मंडळात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला फिरतात. पुढच्या चौकडीची नावे तिथेच ठरतात.

एक काम मात्र उरते. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनीला आगाऊ कर वसूल करून तो पॅन क्रमांकावर जमा करावा लागतो. त्याचे दर त्यानंतर बदलत गेले आहेत. सहल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पॅनवर घेतली तर तो कर त्यांच्या नावे जमा होतो. बाईने स्वतःच्या पॅनवर घेतली आणि तिचे उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर ती रक्कम परत मिळते. त्यासाठी बँक खाते तिच्या नावाचे, पॅनशी जोडलेले आणि आधारवरच्या नावाशी जुळणारे हवे. पासपोर्टसाठी जुळवलेली कागदपत्रे इथे पुन्हा उपयोगी पडतात. मुदत साधारणपणे जुलैअखेरची असते, पेरण्या आटोपून शेते हिरवी झालेली असतात तेव्हाची.